हॅलोजन नाही, मग काय आहे? भारतीय मानक ब्यूरोच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
भारतीय मानक ब्यूरोच्या विद्युत-उपकरणे आणि प्लास्टिक या विषयांवरील समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

भिंतीवरचे सॉकेट, पॅनेलमधला एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच), टर्मिनल ब्लॉक, मोबाइलचा चार्जर, विजेच्या मीटरची पेटी या साऱ्यांत वीज वाहून नेणारे धातूचे भाग ज्याच्या आधाराने जागच्या जागी राहतात, ते नायलॉन, पीबीटी (पॉलिएस्टर जातीचे प्लास्टिक) किंवा पॉलिकार्बोनेट हे मुळात जळणारे पदार्थ आहेत. ते पेटू नयेत, आणि पेटलेच तर आपोआप विझावेत, म्हणून त्यांत ज्वालारोधक रसायने मिसळलेली असतात. या रसायनांतून ब्रोमिन आणि क्लोरिन ही हॅलोजन कुळातली मूलद्रव्ये काढून टाकावी, ही मागणी आता केवळ युरोपला माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची राहिलेली नाही. नाशिक, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या लहान मोल्डिंगवाल्यांच्या हाती पडणाऱ्या परचेस ऑर्डरवरही 'हॅलोजन-मुक्त' हे शब्द आता छापून येतात. मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत अशा प्लास्टिकच्या कंपाउंडिंगचे (त्यात रसायने मिसळून दाणे बनवण्याचे) आणि मोल्डिंगचे काम करतो, आणि त्या कामातून दिसलेले आपल्यापुढे मांडतो आहे. हे शब्द वीज-उपकरणांच्या मानकांत येणार असतील, तर मालात काय नाही एवढे सांगून उत्पादकाची सुटका होऊ नये. त्याऐवजी काय घातले आहे हे त्याने जाहीर करावे आणि त्याची परीक्षा ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या भागावरच व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

ब्रोमिन इतकी वर्षे टिकून राहिले त्याला सबळ कारण आहे. प्लास्टिक तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात, आणि ज्वालेत हायड्रोजन व हायड्रॉक्सिल यांच्या अतिशय क्रियाशील रॅडिकल्सची साखळी चालू राहते म्हणून ज्वाला टिकते. ब्रोमिनयुक्त रसायनातून सुटणारे हायड्रोजन ब्रोमाइड हे रॅडिकल्स पकडून ती साखळी तोडते, आणि सोबत मिसळलेले अँटिमनी ट्रायऑक्साइड ब्रोमिनला बाष्परूपात ज्वालेपर्यंत नेऊन पोहोचवते. या जोडगोळीने काचतंतू भरलेल्या नायलॉनलाही यूएल ९४ या ज्वलन-चाचणीच्या व्ही मालिकेतला सर्वांत कडक व्ही-० हा दर्जा मिळतो, रंग हवा तो देता येतो आणि मोल्डिंग करणाऱ्याला फारसा त्रास होत नाही. म्हणून ब्रोमिन वापरणारा प्रत्येक जण बेफिकीर किंवा लोभी असतो, असे मी मानत नाही.

त्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. आगीत माणूस बहुधा भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून मरतो. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गुदमरून गेली, आणि ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, त्यांतली बहुतेक धुरामुळे. या आगींत नेमके कोणते प्लास्टिक जळाले हा या पत्राचा विषय नाही आणि त्यावरून काही सिद्धही करायचे नाही. बंद जागेतल्या धुरात काय काय असते, हा प्रश्न तांत्रिक परिशिष्टात ढकलण्याजोगा नाही, एवढेच त्यातून घ्यावे. हॅलोजनयुक्त प्लास्टिक जळले की हायड्रोजन ब्रोमाइड किंवा हायड्रोजन क्लोराइड सुटते. ते डोळ्यांना आणि घशाला इतके झोंबते की बाहेर पडण्याची वाट शोधणाऱ्याला डोळे उघडे ठेवणे कठीण जाते, आणि आग विझल्यानंतरही तेच आम्ल पॅनेलमधील तांबे, चांदी आणि सर्किट बोर्ड खात राहते. याची दुसरी बाजूही इथेच सांगितलेली बरी. नायलॉनच्या रेणूत नायट्रोजन असल्यामुळे ते जळताना हायड्रोजन सायनाइड सुटू शकते, आणि कार्बन मोनॉक्साइड तर प्रत्येक आगीत असतोच. तेव्हा हॅलोजन काढले म्हणून धूर निरुपद्रवी झाला, असे ग्राहकाला सांगणे ही निव्वळ फसवणूक ठरेल.

आग लागलीच नाही तरी प्रश्न उरतो, कारण यांतली काही रसायने प्लास्टिकमध्ये नुसती मिसळलेली असतात, त्याच्याशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडून धुळीत, मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात. स्टॉकहोम कराराने पेंटा आणि ऑक्टा या व्यापारी नावांनी ओळखली जाणारी ब्रोमिनयुक्त ईथर २००९ मध्ये, एचबीसीडी हे ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक २०१३ मध्ये आणि डेकाबीडीई हे आणखी एक ब्रोमिनयुक्त ईथर २०१७ मध्ये चिवट सेंद्रिय प्रदूषकांच्या यादीत टाकली. भारताने २००६ मध्ये या करारास मान्यता दिली आणि २०१८ च्या नियमांनी सात रसायनांवर बंदी आणली; पेंटा, ऑक्टा आणि एचबीसीडी त्यांत आहेत, डेकाबीडीई नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांनी पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल व पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर या दोन गटांना वजनाने ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. या दोन गटांत न बसणारे कोणतेही ब्रोमिनयुक्त संयुग त्या मर्यादेबाहेर राहते. डेकाबीडीई अडचणीत आल्यावर त्याची जागा डेकाब्रोमोडायफिनाइल इथेनने घेतली, ती अशीच. दोन्ही रेणूंत दहा ब्रोमिन आहेत आणि फरक एवढाच, की दोन वलयांना जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या जागी दोन कार्बनांचा दुवा आला आहे. नियमात तंतोतंत बसणारे असे चलाख बदल आपण पुन्हा पाहणार आहोत, आणि हॅलोजन-मुक्त मालातही पाहणार आहोत.

जुन्या टीव्हींची आणि संगणकांची काळी कॅबिनेट दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी फोडली जातात, दळली जातात, आणि त्या दाण्यांतून पुन्हा काहीतरी काळे मोल्ड होते. ते खेळणे असेल, नाहीतर स्वयंपाकघरातला झारा. २०२४ मध्ये अमेरिकेत अशाच काळ्या वस्तूंवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरक्षित मात्रेचे गणित दहा पटींनी चुकले होते, आणि ते नंतर दुरुस्त करावे लागले. त्या चुकीमुळे झालेला गवगवा जरा जास्तच होता हे खरे, पण ज्या वस्तूला ज्वालारोधकाची गरजच नव्हती तिच्यात ते सापडले, ही गोष्ट काही त्या दुरुस्तीने पुसली गेली नाही.

सगळे ब्रोमिन एकाच मापाने मोजू नये, असेही मला वाटते. ब्रोमिनेटेड पॉलिस्टायरीनसारखे मोठ्या रेणूचे पदार्थ प्लास्टिकमधून सहजी बाहेर पडत नाहीत, आणि टेट्राब्रोमोबिस्फिनॉल-ए सर्किट बोर्डाच्या इपॉक्सीत रासायनिक बंधाने गुंतलेले असते. तेच जेव्हा एबीएस या कॅबिनेटच्या प्लास्टिकमध्ये नुसते मिसळले जाते तेव्हा गोष्ट वेगळी होते. ब्रोमिनसोबत जिथे अँटिमनी घातले जाते, तिथे अँटिमनीचा प्रश्न मात्र उरतोच. त्रिसंयुजी अँटिमनीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातल्यापासून भाव इतके चढले की आमच्याकडे ज्यांना पर्यावरणाशी काही देणेघेणे नव्हते, तेही हॅलोजन-मुक्त दाण्यांचे नमुने मागवू लागले. पुढची सारी चर्चा या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून वाचावी, ही विनंती. घाईने बदल करणारा माणूस सर्वांत स्वस्त पर्याय उचलतो.

नायलॉनसाठी पर्याय कोणते, ते पाहू. काचतंतू नसलेल्या नायलॉनमध्ये मेलामाइन सायन्युरेट उत्तम चालते. ते तापल्यावर उष्णता शोषून घेते, नायलॉन पातळ होऊन थेंबाथेंबाने गळते, जळता भाग मूळ तुकड्यापासून सुटतो, आणि आग तिथेच संपते. पण त्याच नायलॉनमध्ये २५-३० टक्के काचतंतू घातले, की ते तंतू समईतल्या वातीप्रमाणे वितळलेले प्लास्टिक ज्वालेकडे ओढत राहतात, गळणे थांबते, आणि व्ही-० हातचे जाते. म्हणून भार घेणाऱ्या भागांसाठी हा पर्याय पुरत नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड स्वच्छ आणि स्वस्त आहे, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर पाणी सोडून ते आग थंड करते. पण त्याचा गुण यायला वजनाने निम्म्याहून अधिक भर घालावी लागते, आणि अशा नायलॉनची क्लिप बसवताना तुटते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड २०० अंशांच्या आसपासच पाणी सोडू लागते, आणि नायलॉन-६६ मशीनच्या बॅरलमध्ये याहून बरेच जास्त तापवून वितळवावे लागते, तेव्हा त्यात ते घालण्याचा प्रश्नच येत नाही. केबलच्या आवरणात त्याचे काम चोख चालते.

उरतो फॉस्फरस, आणि त्याची दोन रूपे एकमेकांपासून इतकी भिन्न आहेत की दोघांना एकाच 'हॅलोजन-मुक्त' शिक्क्याखाली विकू देणे मला मुळीच मान्य नाही.

पहिले रूप म्हणजे लाल फॉस्फरस. काचतंतू भरलेल्या नायलॉन-६६ ला तो वजनाने पाच ते आठ टक्के घातला तरी व्ही-० मिळते, यांत्रिक ताकद जवळजवळ जशीच्या तशी राहते, आणि खर्चही कमी येतो. रंग मात्र काळा, विटकरी किंवा गडद राखाडी याखेरीज देता येत नाही, हे बाहेरून दिसणारे वैगुण्य. न दिसणारे वैगुण्य त्याहून गंभीर आहे. दमट हवेत आणि उष्णतेत लाल फॉस्फरसपासून सावकाश फॉस्फिन हा विषारी वायू आणि फॉस्फरसची आम्ले तयार होतात. ते टाळण्यासाठी प्रत्येक कणावर रेझिनचे आवरण चढवलेले असते, आणि चांगल्या उत्पादकाचे आवरण टिकतेही. पण तोच माल दोनदा दळून रीग्राइंड (दळून पुन्हा वापरलेला माल) म्हणून परत मशीनच्या हॉपरमध्ये पडला, तर त्या आवरणाचे काय होते हे डेटाशीटवर लिहिलेले नसते. साधारण २००० ते २००२ या काळात संगणकांच्या हार्ड डिस्क मोठ्या संख्येने बंद पडू लागल्या, तेव्हा शोध घेता घेता माग एका चिपच्या वेष्टनापर्यंत पोहोचला. त्या वेष्टनाच्या इपॉक्सीत ब्रोमिनऐवजी लाल फॉस्फरस घातलेला होता, आणि आवरण नीट नसलेल्या कणांपासून झालेल्या आम्लाने शेजारशेजारच्या पायांमध्ये धातू सरकून शॉर्ट होत होते. तो माल हॅलोजन-मुक्तच होता. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात पावसाळ्याचे चार महिने बंद पेटीत राहणारा, चांदीचे कॉन्टॅक्ट असलेला एमसीबी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी कशाविषयी बोलतो आहे ते लक्षात येईल.

दुसरे रूप म्हणजे ॲल्युमिनियम डायइथिल फॉस्फिनेट. नायलॉनमध्ये ते बहुधा मेलामाइन पॉलिफॉस्फेट आणि थोड्या झिंक बोरेटसोबत वापरतात, मिळून साधारण अठरा ते वीस टक्के. यातला काही फॉस्फरस वायुरूपात ज्वालेत जाऊन रॅडिकल पकडतो, आणि उरलेला प्लास्टिकच्या पृष्ठभागावर कोळशासारखा थर बांधून आतला इंधनपुरवठा तोडतो. पांढऱ्या आणि फिकट रंगांचे भाग त्यात करता येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये डेकाबीडीईला पर्यायांची जी छाननी प्रसिद्ध केली, तिच्यात मानवी आरोग्याच्या दृष्टीने याचे गुणांकन बरेच चांगले आहे. निसर्गात ते लवकर विघटित होत नाही, हा शेराही तिथेच आहे. या छाननीतून मी एवढेच घेतो की आज नायलॉन आणि पीबीटीसाठी हा सर्वांत समजून घेतलेला पर्याय आहे, निर्दोष नाही.

आमच्या मशीनवर याचे दोष रोज दिसतात. बॅरलचे तापमान जरा चढले, किंवा जेवणाच्या सुट्टीत मशीन तसेच तापत राहिले, की पर्ज करताना, म्हणजे बॅरलमधला माल बाहेर काढून टाकताना, नोझलमधून पांढराशुभ्र फेस येतो आणि नाकाला झिणझिण्या येतील असा वास सुटतो. मोल्डच्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवा बाहेर जाण्याच्या फटीत, पिठासारखा पांढरा थर साचतो. ऑपरेटर तो पितळी पट्टीने खरवडतो, कारण लोखंडी पट्टीने खरवडले तर मोल्डला ओरखडा जातो. व्हेंट बंद झाले तर भागाच्या टोकाला करपल्याचा काळा डाग पडतो. काही महिन्यांनी स्क्रू बाहेर काढला, तर कॉम्प्रेशनच्या भागात पोलादावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडलेले सापडतात. मोठ्या कंपन्या महागड्या पोलादाचे स्क्रू बसवतात; नाशिकच्या अंबडमधला किंवा पुण्याजवळच्या भोसरीतला, पाच-सहा मशीन चालवणारा माणूस तोच स्क्रू पुन्हा पॉलिश करून घालतो. मानक लिहिताना या माणसाच्या खर्चाचा विचार व्हावा, पण त्याच्या नावाने मानक पातळही होऊ नये.

आता पॉलिकार्बोनेटकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पारदर्शक मीटर-पेट्यांना लागणाऱ्या पॉलिकार्बोनेटला ज्वालारोधक करण्यासाठी पोटॅशियम परफ्लुरोब्युटेन सल्फोनेट हे मीठ फार थोडे, बहुधा एक दशांश टक्क्याहूनही कमी घातले जाते, आणि अपारदर्शक मालात जळते थेंब गळू नयेत म्हणून थोडे पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळतात. दोघांतही फ्लोरिन आहे, आणि फ्लोरिन हा हॅलोजनच. तरीही असा माल बाजारात राजरोस हॅलोजन-मुक्त म्हणून विकला जातो, कारण सगळे जण ज्या व्याख्येकडे बोट दाखवतात ती आयईसी ६१२४९-२-२१ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकातली व्याख्या मुळात सर्किट बोर्डांच्या पत्र्यांसाठी लिहिलेली आहे. तिच्यात क्लोरिन ९०० पीपीएम, ब्रोमिन ९०० पीपीएम आणि दोन्ही मिळून १५०० पीपीएम एवढीच मर्यादा आहे. फ्लोरिन मोजलेच जात नाही. पीटीएफईच्या वजनाचा ७६ टक्के भाग फ्लोरिन असतो, म्हणजे ०.३ टक्के पीटीएफई घातलेल्या मालात सुमारे २२८० पीपीएम फ्लोरिन निघेल. परफ्लुरोब्युटेन सल्फोनिक आम्ल आणि त्याची मिठे युरोपात २०२० पासून 'अतिचिंताजनक' पदार्थांच्या यादीत आहेत, आणि पीएफएएस या चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांच्या संपूर्ण कुळावर बंधन घालण्याचा पाच देशांचा प्रस्ताव २०२३ मध्ये तिथे दाखल झाला आहे. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसच्या मिश्रणात जे ॲरिल फॉस्फेट वापरतात, त्यांत राहून जाणारे ट्रायफिनाइल फॉस्फेटही २०२४ मध्ये त्याच यादीत गेले. मेलामाइन त्याआधी, २०२३ मध्येच, तिथे पोहोचले होते. या यादीत नाव येणे म्हणजे बंदी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण निर्यात करणाऱ्याला पुढच्या दोन-चार वर्षांत काय विचारले जाणार आहे, ते त्यावरून कळते.

कारखान्यात माल आला की आम्ही एक जुनी, फुकटची परीक्षा करतो. तांब्याची जाड तार बर्नरवर ज्वालेचा रंग स्वच्छ होईपर्यंत तापवायची, ती गरम असताना दाण्यावर टेकवायची, आणि थोडे प्लास्टिक चिकटलेली तार पुन्हा ज्वालेत धरायची. ब्रोमिन किंवा क्लोरिन असेल, तर ज्वालेच्या कडेला हिरवी झाक उमटते. हॅलोजन-मुक्त असे छापलेल्या गोणीतल्या काळ्या नायलॉनवर मी ही हिरवी ज्वाला पाहिली आहे. पुरवठादाराने 'रीसायकल माल थोडा मिसळला गेला असेल' असे सांगून गोणी बदलून दिली. ही परीक्षा फार हळवी आहे, हाताला पीव्हीसीचा अंश लागलेला असला तरी ती हिरवी दाखवते, त्यामुळे तिच्यावर निवाडा करता येत नाही. आणि फ्लोरिन तर ती दाखवतच नाही. हातात धरायचे एक्स-रे फ्लोरेसन्स यंत्र ब्रोमिन चटकन सांगते, पण ते कोणत्या संयुगातले आहे हे सांगत नाही, आणि फ्लोरिनपुढे तेही आंधळेच. म्हणजे भंगारातून, बंदरातून किंवा वितरकाच्या गोदामातून आलेला माल नेमका कसला आहे, हे खरेदीदाराला लिखित जाहीरनाम्यावाचून समजण्याची सोय नाही.

चाचण्यांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. व्ही-० हा दर्जा पदार्थाचा नसतो, तो त्या पदार्थाच्या ठरावीक जाडीचा असतो. १२५ मिलिमीटर लांब आणि १३ मिलिमीटर रुंद पट्टीला दहा-दहा सेकंद दोनदा ज्वाला लावायची, प्रत्येक वेळी ती दहा सेकंदांत विझली पाहिजे, पाच पट्ट्यांचा एकूण वेळ पन्नास सेकंदांच्या आत हवा, आणि खाली ठेवलेला कापूस पेटता कामा नये, अशी ती कसोटी आहे. १.६ मिलिमीटरवर ती पार करणारा माल ०.४ मिलिमीटरच्या भिंतीवर सपशेल नापास होऊ शकतो, आणि आजच्या छोट्या कनेक्टरांच्या भिंती तितक्याच पातळ असतात. डेटाशीटवर मात्र मोठ्या अक्षरांत व्ही-० आणि जाडी तळटिपेत. स्विच आणि सॉकेटच्या मानकांत विद्युतवाहक भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकला ८५० अंशांची ग्लो-वायर चाचणी असते. लालबुंद झालेला चार मिलिमीटर जाडीच्या तारेचा वेटोळा अर्धा मिनिट भागावर टेकवतात, तार थोडी आत रुतते, धूर निघतो, कधी ज्वाला उठते, आणि तार मागे घेतल्यापासून तीस सेकंदांत सारे विझले व दोनशे मिलिमीटर खालचा पातळ कागद पेटला नाही तर भाग पास. ही चाचणी चांगली आहे, कारण ती खऱ्याखुऱ्या भागावर होते. पण त्या तीस सेकंदांत वर गेलेल्या धुरात काय होते, याची नोंद ती करत नाही. रेल्वेडब्यांच्या युरोपीय मानकात, ईएन ४५५४५-२ मध्ये, धुराची घनता आणि त्यातले विषारी वायू मोजले जातात. आपल्याकडे निदान रुग्णालये, भुयारी स्थानके आणि उंच इमारतींच्या पॅनेलसाठी तरी ते मोजायला काय हरकत आहे?

एक फायदा मात्र हॅलोजन-मुक्त मालाच्या पदरात घालायलाच हवा. ब्रोमिन आणि अँटिमनी घातलेल्या नायलॉनच्या पृष्ठभागावर ओलावा आणि धूळ साचली की त्यावरून विजेची वाट लवकर पडते; अशी वाट न पडता तो किती व्होल्ट सोसतो हे सांगणारा त्याचा ट्रॅकिंग निर्देशांक बहुधा २५० ते ३५० व्होल्टच्या पट्ट्यात येतो, तर फॉस्फिनेटवाल्या नायलॉनचा ६०० पर्यंत जातो. आयईसी ६०६६४-१ च्या तक्त्यात २५० व्होल्टसाठी, मध्यम प्रदूषणाच्या ठिकाणी, कमी निर्देशांकाच्या पदार्थाला विद्युतवाहक भागांमध्ये पृष्ठभागावरून २.५ मिलिमीटर अंतर लागते, आणि ६०० वाल्याला १.२५ मिलिमीटर पुरते. म्हणजे भाग लहान करता येतो. त्यात भर म्हणजे ब्रोमिन-अँटिमनीच्या मालाची घनता साधारण १.६५ आणि फॉस्फिनेटच्या मालाची १.४ असल्याने त्याच मोल्डमधून निघणारा भाग सुमारे पंधरा टक्के हलका भरतो. किलोच्या भावाने तुलना करणारे परचेस खाते हा हिशेब क्वचितच करते, आणि 'परवडत नाही' हा शेरा त्यामुळेच इतका सहज पडतो.

या साऱ्यावरून आपल्याकडे माझी मागणी अशी. हॅलोजन-मुक्त केबलसाठी आपण आयएस १७०४८ हे स्वतंत्र मानक २०१८ मध्ये आणलेच आहे. तसाच विचार आता अभियांत्रिकी प्लास्टिकच्या भागांसाठी व्हावा. हॅलोजन-मुक्त म्हणायचे, तर क्लोरिन आणि ब्रोमिनसोबत फ्लोरिनही मोजावे, आणि गळती रोखण्यासाठी थोडे फ्लोरिन अपरिहार्य असेल तर त्या मालाला वेगळे नाव द्यावे, जेणेकरून 'ब्रोमिन व क्लोरिन नसलेला' आणि 'हॅलोजन नसलेला' हे दोन माल गोणीवरच वेगळे ओळखता येतील. ज्वालारोधकाचे रासायनिक कूळ, म्हणजे लाल फॉस्फरस, फॉस्फिनेट, ॲरिल फॉस्फेट, मेलामाइनची संयुगे, धातूंची हायड्रॉक्साइडे की आणखी काही, हे जाहीर करणे सक्तीचे असावे. व्यापारी गुपित म्हणून प्रमाण झाकायचे तर झाका, पण कूळ झाकता येणार नाही. लाल फॉस्फरस चांदीच्या आणि तांब्याच्या कॉन्टॅक्टजवळ वापरायचा असेल, तर दमट उष्णतेत ठेवून फॉस्फिन आणि धातूची झीज यांची चाचणी घेतल्यावाचून परवानगी देऊ नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालावर तपासलेली जाडी दर्जाइतक्याच मोठ्या अक्षरांत यावी, आणि जिथे रीग्राइंड वापरायला मुभा आहे तिथे जास्तीत जास्त मुभा असलेल्या प्रमाणात ते मिसळूनच नमुना तयार व्हावा, कारण प्रत्यक्षात माल तसाच बनतो. प्रयोगशाळेला पाठवायच्या नमुन्यांसाठी नवे दाणे आणि चालू लॉटसाठी मिश्रण, ही प्रथा आमच्या धंद्यात कोणी नाकारणार नाही.

लहान कारखान्यांना यासाठी वेळ लागेल. दोन टप्पे ठेवावेत, असे माझे मत आहे. जाहीर करण्याची सक्ती लगेच लागू करता येईल, कारण तिला नवे मशीन लागत नाही, पुरवठादाराकडून एक कागद मागवावा लागतो. नव्या मर्यादा आणि चाचण्या त्यानंतर दोन वर्षांनी याव्यात. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या (केंद्र सरकारची प्लास्टिक-तंत्रज्ञान संस्था) संस्थांत कूळ ओळखण्याची आणि फ्लोरिन मोजण्याची सोय परवडणाऱ्या दरात मिळाली, तर पुरवठादाराचा कागद खरा की खोटा हे तपासायला लहान कारखानदाराला मुंबई किंवा बंगळुरूला नमुने पाठवावे लागणार नाहीत.

यापुढे स्विच, सॉकेट आणि एमसीबीच्या मानकांच्या दुरुस्तीचे मसुदे आपण अभिप्रायासाठी प्रसिद्ध कराल, तेव्हा ते नाशिक, भोसरी आणि वाळूज इथल्या उद्योजक संघटनांकडेही थेट पाठवावेत. मसुदा मोठ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींनी वाचलेला असतो. स्क्रूवरचे खड्डे आणि व्हेंटमधले पांढरे पीठ ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्यापर्यंत तो बहुधा मानक लागू झाल्यावरच पोहोचतो. आमच्याकडचे मोल्डिंगचे लॉग आणि जपून ठेवलेले नमुने समितीने मागितले, तर ते दाखवण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
अभियांत्रिकी प्लास्टिकमधील एक तंत्रज्ञ, नाशिक